दातांची तार आणि दवाखान्याचा जिना

दिव्यांग मुलाच्या दातांना तार बसवणे ही केवळ रूपाची हौस, असा समज सुशिक्षित घरांतही आढळतो. तो रास्त नाही. सेरेब्रल पाल्सीत ओठ, जीभ, गाल यांच्या स्नायूंवर पुरेसा ताबा राहत नाही. अनेकांचे वरचे दात पुढे येतात, ओठ मिटत नाहीत, घास नीट चावला जात नाही. तोल जाऊन मूल पडले, की पहिला मार याच दातांना.

उपचार बहुधा दीड-दोन वर्षे चालतात. खर्चाचा हिशेब मांडण्याआधी घरच्यांनी एक ठरवावे : रोज रात्री मुलाचे दात कोण घासणार? तारेत अन्न अडकून राहिले, तर दात सरळ होतील, पण किडतीलही.

सप्टेंबर २०२४ मध्ये मंडईचे भुयारी मेट्रो स्थानक सुरू झाले. व्हीलचेअर लिफ्टने वर येते. परंतु परिसरातील एखाद्या जुन्या इमारतीत दवाखाना वरच्या मजल्यावर असला, तर अरुंद जिना आडवा येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने खासगी रुग्णालयांतही अडथळाविरहित प्रवेशाची तरतूद केलेली आहे. तेव्हा वेळ घेतानाच लिफ्टची चौकशी निःसंकोच करावी. मुलाला त्याच्याच खुर्चीत बसवून तपासता येईल का, हेही विचारावे.