ताकद वाढवल्यानंतरचं काम

छोट्या हॅचबॅकची ताकद वाढवणं आता अवघड राहिलेलं नाही. टर्बो इंजिन असेल तर ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, लॅपटॉप जोडून तासा-दोन तासांत गाडीचा पिकअप बदलून देणारे लोक पुण्यात आहेत. पण त्यामुळे गाडी फक्त जास्त पळते. ती स्पोर्टी होते ती पुढच्या कामामुळे, आणि ते काम बॉनेट उघडून दिसत नाही. गाडी रॅम्पवर चढवून तिच्या खाली उभं राहावं लागतं.

भोसरीतल्या एका गॅरेजमध्ये अशीच एक टर्बो हॅचबॅक रॅम्पवर होती, बरीच वर्षं चाललेली आणि रिमॅप केलेली. मालकाचं म्हणणं, जोरात ॲक्सिलरेटर दिला की स्टिअरिंग एका बाजूला खेचतं. मेस्त्रींनी इंजिनाकडे पाहिलंही नाही. टॉमी घेतली, लोअर आर्मच्या बुशमध्ये घातली आणि हळूच दाबली. वरून धडधाकट दिसणाऱ्या रबरात नखाएवढी चीर उघडली. "साहेब, ताकद वाढवली, ती झेलणार कोण? हाच ना," ते म्हणाले. साध्या चालवण्यात ही चीर कळतही नाही. पण जास्तीचा टॉर्क चाकावर आला की आर्म मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकतो, चाकाचा कोन बदलतो आणि गाडी आपल्या मनाने दिशा घेऊ लागते.

या गाड्यांची सगळी अडचण पुढच्या दोन चाकांपाशी येऊन थांबते. गाडी ओढायची त्यांनीच आणि वळवायचीही त्यांनीच. एकाच बैलाला एकाच वेळी मोटेला आणि नांगराला जुंपावं तसं. टायरची पकड ठरलेली असते. ती ओढण्यात खर्च झाली की वळण्यासाठी कमी उरते आणि गाडी वळणाच्या बाहेर सरकू लागते. त्यात आतलं चाक हलकं होतं, आणि साधा डिफरन्शियल नेमक्या त्याच चाकाला मोकाट फिरू देतो. उपाय म्हणून लिमिटेड स्लिप डिफरन्शियल बसवतात, किंवा इलेक्ट्रॉनिक्सकडून त्या एका चाकाला ब्रेक लावून घेतात. दुसरा उपाय मागच्या बाजूला असतो. मागचा अँटी-रोल बार कडक केला की पुढच्या चाकांवरचा ताण कमी होतो आणि गाडी वळणात चटकन शिरते. जुन्या गोल्फ जीटीआयच्या फोटोंत मागचं आतलं चाक हवेत दिसतं ते यामुळेच.

ती गोल्फ जीटीआय घडली त्यात मला याच कामाचा आदर्श दिसतो. १९७० च्या दशकात वोल्फ्सबर्गमध्ये फोक्सवॅगनच्या मोजक्या अभियंत्यांनी वरिष्ठांच्या रीतसर मंजुरीआधीच तिच्यावर काम सुरू केलं होतं. इंजिन घरचंच होतं, १५८८ सीसी आणि ११० हॉर्सपॉवर. पुढे चाचण्यांची जबाबदारी हर्बर्ट शुस्टर यांच्याकडे आली. त्यांनी अँटी-रोल बार घातले आणि टायरची रुंदी २०५ मिलिमीटरवरून १७५ वर आणली. त्यामागे खर्चाचा विचार होता, पण बारीक टायरवरही गाडी नीट वळली, कारण सस्पेन्शन जुळलेलं होतं. १९७६ मध्ये ती विक्रीला आली. आधी ५००० गाड्यांचाच बेत होता. पहिल्या पिढीच्या चार लाखांहून जास्त बनल्या.

आपल्याकडे अशा छोट्या गाडीचं माप अभियंत्यांच्या आधी कर ठरवतो. २००६ च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरपेक्षा आखूड आणि पेट्रोल असेल तर १२०० सीसीच्या आतल्या गाडीला कमी कर लागतो. सप्टेंबर २०२५ पासून हा फरक १८ टक्के आणि ४० टक्के असा आहे. चाकणला बनलेल्या पोलोची जीटी टीएसआय २०१३ मध्ये ११९७ सीसीची आली, १०५ हॉर्सपॉवर आणि सात गिअरचा डीएसजी घेऊन. टाटांनी २०१८ मध्ये कोइंबतूरच्या जयेम कंपनीबरोबर टियागो जेटीपी काढली आणि २०२४ मध्ये १२० हॉर्सपॉवरची अल्ट्रोझ रेसर. दोन्हींचं इंजिन ११९९ सीसीचं.

रांजणगावात बनलेली फियाटची अबार्थ पुंटो मात्र करातली १२०० सीसीची रेघ ओलांडून गेली. लांबी ३९८९ मिलिमीटर, म्हणजे नियमात. पण इंजिन १३६८ सीसीचं, म्हणजे वरचा कर. २०१५ मध्ये १४५ हॉर्सपॉवर, २१२ न्यूटन-मीटर आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक देणारी दुसरी देशी हॅचबॅक नव्हती. मित्राची अबार्थ मी ताम्हिणी घाटात चालवली आहे. खालच्या आरपीएमला टर्बो गप्प असतो, तोपर्यंत ही साधी पुंटोच वाटते. मग अचानक पाठ सीटला टेकते. मला जास्त आवडलं ते तिचं हायड्रॉलिक स्टिअरिंग. ओल्या रस्त्यावर पुढचा टायर पकड सोडायच्या बेतात आला की ते हातात किंचित हलकं होतं. तेवढी सूचना पुरते. पाय आपोआप सैल पडतो. आजच्या बऱ्याचशा इलेक्ट्रिक स्टिअरिंगमध्ये ही खबर तळहातापर्यंत पोचत नाही.

घाट उतरताना ब्रेकची किंमत कळते. सतत दाबले की ते तापतात, आणि जुनं झालेलं, पाणी शोषलेलं ब्रेक ऑइल उकळलं तर पेडल मऊ पडतं. म्हणून १२०० सीसीच्या आतच खेळायचं असेल, तर पुढच्या स्पोर्टी हॅचबॅकला आणखी दहा हॉर्सपॉवर नकोत. बॉनेटवरचे पट्टेही नकोत. तेवढ्याच पैशांत मागे ड्रमऐवजी डिस्क द्यावेत, आणि आपल्या खड्ड्यांवर तोल न सोडणारे शॉकअप.