माणसांच्याही पाळ्या लावा



लागणीच्या नोंदी आणि तोडणीचा कार्यक्रम सोडून शेतकी खात्याचा माणूस आज दुकानातल्या नोकरांविषयी का लिहितो, असे आपणांस वाटेल. कारण सरळ आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या मुलांनी आता कृषी सेवा केंद्र, रोपवाटिका, हॉटेल, गॅरेज असे धंदे घातले आहेत. काहीजण मुंबईच्या बाजूला जाऊन स्थिरावले. पाच-दहा माणसांवर चालणाऱ्या अशा धंद्यात चांगला माणूस वर्षा-दोन वर्षांत विटून जातो, आणि मालक म्हणतो, “हल्लीची पोरं टिकत नाहीत.”

वसई-विरारचेच पाहा. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या भागांत लहान कारखान्यांचे गाळेच गाळे आहेत, स्टेशनांभोवती दुकाने आहेत. कामाला येणारा कुणी नालासोपाऱ्याचा, तर कुणी पालघर-बोईसरकडचा. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत धावते. पण विरारच्या पुढे गाड्या कमी, एक चुकली की खोळंबा. मालक कामाचे आठ तास मोजतो. जाण्यायेण्याला दीड-दीड तास लागणारा माणूस मात्र साडेअकरा तास घराबाहेर असतो. रात्री आठला सुटला तर साडेनऊला घरी. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला हजर व्हायचे तर साडेसहाला घर सोडायचे. मधले नऊ तास राहिले. त्यात जेवणखाण, अंघोळ, पोराबाळांशी दोन शब्द. झोपेला सहा तास मिळाले तरी पुष्कळ.

आपण ऊसवाले, ताण म्हणजे काय ते जाणतो. वाढीच्या काळात पाण्याचा ताण बसला की कांडी आखूड पडते. मागाहून कितीही पाणी द्या, ती आखूड कांडी लांब होत नाही. माणसाचेही तसेच. दिवाळीला बोनस दिला म्हणून सहा महिन्यांची तुटलेली झोप भरून येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कामाच्या या थकव्याची तीन लक्षणे सांगितली: अंगातली ताकद संपणे, कामाविषयी मन उडणे, आणि हातून काम नीट न होणे. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी वाढतो, असे याच संघटनेने २०२१ साली जाहीर केले. ही तुलना आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांशी आहे.

उपाय पाण्याच्या पाळीसारखाच आहे. समजा, दुकान सातही दिवस सकाळी आठ ते रात्री आठ उघडे, आणि माणसे सात. मग असे करावे:

१) प्रत्येकाला सुटीचा वेगळा वार ठरवून द्यावा. रोज सहाजण हजर राहतील.

२) तिघे सकाळी आठ ते साडेचार, तिघे साडेअकरा ते रात्री आठ. जेवणाची अर्धा तास सुटी धरून प्रत्येकाचे काम आठ तास, आठवड्याला ४८. दुपारचे पाच तास सहाहीजण हाताशी असतात.

३) पाळी बदलायची ती ज्याच्या त्याच्या सुटीनंतरच. रात्री आठला सुटलेल्याला सकाळी आठला बोलावू नये. सुटीच्या वारांच्या क्रमाने पहिला सकाळचा, दुसरा दुपारचा, असे एकाआड एक लावून सुरुवात केली, तर रोज तीन-तीन हा मेळ आपोआप राहतो.

४) तक्ता पंधरा दिवस आधी भिंतीवर लावावा. लांबून येणाऱ्याला गाडीची वेळ विचारूनच त्याची पाळी ठरवावी.

५) ओझी उचलणे, गिऱ्हाइकांची बोलणी खाणे ही कामे एकाच्याच गळ्यात मारू नयेत.

आठवड्याची सुटी ही काही मालकाची मेहेरबानी नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवून ती मागितली, आणि १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळाली. आपल्या राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि एक सुटी आहे. अगदी लहान दुकानांना त्यातली बरीच कलमे लागत नाहीत हे खरे. पण कायदा लागो न लागो, माणसाचे शरीर तेच.

“सातवा माणूस परवडत नाही,” असे कुणी म्हणेल. त्याने एकदा वहीत मांडून पाहावे: शिकलेला माणूस सोडून गेल्यावर नवा तयार होईपर्यंत किती माल चुकीचा गेला, किती गिऱ्हाईक तुटले. सातव्याचा पगार किती आणि हे नुकसान किती, ते समोर येईल.

हेच ऊस वाहतुकीलाही लागू आहे. गळिताच्या दिवसांत ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतो, ड्रायव्हर मात्र एकच असतो. दोन ट्रॉल्या भरून रात्री रस्त्याला लागणारा माणूस किती झोपला आहे, हे चावी देण्यापूर्वी विचारावे, आणि बदली ड्रायव्हर हंगाम सुरू होण्याआधीच ठरवावा. बैलाला आपण भर उन्हात औताचा सोडतो. माणसाला तेवढी तरी सावली द्या.