वाड्यातली बिऱ्हाडे आणि भिंतीतली दारे

संगणक सांभाळणे हा माझा पोटापाण्याचा धंदा. "म्हणजे करता तरी काय?" असे कोणी विचारले, तर मी सांगतो, "वाड्याची दिवाणजीगिरी!"

थट्टा नव्हे. एका मोठ्या संगणकात अनेक प्रोग्राम बिऱ्हाड करून राहतात. या बिऱ्हाडांना 'कंटेनर' म्हणतात. प्रत्येकाला वाटावे की सारा वाडा आपलाच! युक्ती जुनी आहे. एका फोल्डरलाच सारे जग समजायला लावण्याची सोय युनिक्समध्ये १९७९ सालीच होती. २०१३ साली 'डॉकर' आला आणि अशी बिऱ्हाडे घरोघर झाली.

पण वाचकहो, कर्नेल, म्हणजे वाड्याचा पाया, सर्वांचा एकच. आणि बिऱ्हाडाला बाहेरचे काही हवे असले, की भिंतीत दार पाडावे लागते. त्या दाराचे नाव 'माउंट'. बाहेरचे फोल्डर आत जोडून द्यायचे, इतकेच. खरा घोर तिथेच आहे.

लिनक्समधले 'प्रॉक' हे फोल्डरच घ्या. दिसायला फायली, पण त्यांतल्या काही म्हणजे कर्नेलच्या कळा! एखादा प्रोग्राम कोसळल्यावर पुढे काय चालवायचे, हे तिथली एक ओळ ठरवते. भाडेकरूला ती खोडून लिहिता आली, तर त्याने सांगितलेला प्रोग्राम मालकाच्या अधिकाराने चालतो. मग शेजारच्या बिऱ्हाडातले रुग्णांचे अहवाल काय आणि पगाराची खाती काय, सारे उघडे!

म्हणून डॉकर अशा जागा मुळातच 'फक्त वाचा' ठेवतो आणि भाडेकरूला स्वतः माउंट करू देत नाही. आम्ही दिवाणजींनी वर काळजी घ्यायची ती अशी : लागेल तेवढेच फोल्डर द्यावे, लिहिण्याची गरज नसेल तर लिहू देऊ नये, आणि डॉकरला हुकूम सोडण्याचे 'सॉकेट' तर कधीच आत देऊ नये. ते देणे म्हणजे साऱ्या वाड्याचा जुडगा हाती देणे.

एवढे करूनही डोळा लागू देता येत नाही. २०२१ साली कंटेनर चालवणाऱ्या 'रन-सी' या प्रोग्राममध्ये एक फट सापडली. पत्ता तपासणे आणि दार जोडणे यांमधल्या क्षणात लबाड भाडेकरू दारावरची पाटीच बदलू शकत होता! ती फट लगेच बुजवली गेली. पण ज्याने नवी आवृत्ती घातली नाही, त्याच्या वाड्यात ती आजही तशीच आहे.

तेव्हा तुमचा संगणक कोणी सांभाळत असेल, तर भिंतींची जाडी विचारू नका. दारे किती आणि ती कोणाच्या सांगण्यावरून पाडली, एवढेच विचारा.