कांद्याची निवड : ताटासाठी व चाळीसाठी

महाराष्ट्रात कांद्याचे पीक वर्षातून तीन वेळा निघते. खरिपाचा कांदा ऑक्टोबर ते डिसेंबर, रांगडा कांदा जानेवारी ते मार्च आणि रब्बीचा, म्हणजेच उन्हाळी कांदा, एप्रिल-मे महिन्यांत काढला जातो. पावसाळ्यात शेतातून नवा कांदा फारसा येत नाही. तेव्हा चाळीत टिकलेल्या उन्हाळी कांद्यावरच घरोघरचा स्वयंपाक चालतो. म्हणून कोणती जात लावावी हे ठरविण्यापूर्वी तो कांदा केव्हा खावयाचा आहे, याचा विचार केला पाहिजे.

कांदा हा पानांच्या फुगलेल्या तळांचा बनलेला असतो. काढणीनंतरही तो जिवंत असून श्वसन करतो. त्याची मान जाड व ओली राहिली, तर त्या वाटेने रोगजंतू आत शिरतात. उन्हाळी पिकाच्या माना पक्वतेच्या वेळी आपोआप पडतात व वाळून मिटतात. खरिपात बहुधा तसे होत नाही. ज्या कांद्यात पाण्याचा अंश कमी, मान बारीक व पापुद्रा घट्ट, तो अधिक टिकतो. रंगीत पापुद्र्यातील काही द्रव्ये बुरशीला अटकाव करतात, हाही एक लाभ होय.

एन-५३ ही जात खरिपासाठी योग्य. तिचा कांदा लवकर विकावा व खावा. एन-२-४-१ ही रब्बीची जात पाच ते सहा महिने टिकते आणि साठवणीत तिला विटकरी रंग चढतो. राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संस्थेने प्रसारित केलेली भीमा किरण ही जातही रब्बीत साठवणीसाठी घेतात. याउलट अलिबागचा पांढरा कांदा गोडसर व कमी तिखट असल्यामुळे कच्चा खाण्यास उत्तम. त्याच्या माळा विणून विकतात. या कांद्यास भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

दूरदेशीचे बियाणे आणण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कांदा पोसण्याचा आरंभ दिवसाच्या लांबीवर अवलंबून असतो. उत्तर युरोपातील दीर्घ दिवसांना सरावलेल्या जाती आपल्याकडे पाने वाढवितात, परंतु त्यांचा कांदा नीट भरत नाही.

उत्तम जातही निष्काळजीपणे ठेवल्यास सडते. सुमारे निम्म्या माना पडल्यावर काढणी करावी. कांदे पातीने झाकून शेतात काही दिवस सुकवावेत, मग दोन-तीन सेंटिमीटर मान ठेवून पात कापावी व सावलीत पुन्हा वाळवावेत. चाळीचा तळ जमिनीपासून उंच असावा व खालून वारा खेळावा. दहा ते वीस अंश सेल्सिअस उष्णतामानात कोंब झपाट्याने फुटतात, परंतु पंचवीस ते तीस अंशांत ते मंदावतात. म्हणूनच हवेशीर चाळ उपयोगी पडते.

सारांश, ताटातील चव आणि चाळीतील टिकाऊपणा हे गुण एकाच कांद्यात क्वचितच पूर्णपणे एकत्र येतात. लागवड करणाऱ्याने दोहोंपैकी कोणता गुण हवा, हे बी टाकतानाच ठरवावे.