इटलीची पाककृती आणि वऱ्हाडचा गहू

अमरावतीत मी बेकिंगचे वर्ग घेते. शिकायला येणाऱ्या मुली हल्ली नानकटाईच्या आधी फोकाच्चा विचारतात. कृती मोबाइलवर असते. मूळ इटालियन, कुणीतरी इंग्रजीत आणलेली, आणि तिथून ती आपण मराठीत समजून घ्यायची. या दोन उड्यांत पीठ बदलतं, खमीर बदलतं, साखरेचा रवा होतो. म्हणून माझं सांगणं असतं, की इंग्रजीला मधला दलाल करू नका. मूळ शब्द बघा आणि तो जिन्नस आपल्या इतवारा बाजारात कोणत्या नावानं मिळतो तेवढं शोधा.

सगळ्यात जास्त घोळ पिठाचा. इटलीतल्या पिशवीवर ‘तिपो ००’ लिहिलेलं असतं. इंग्रजीत त्याचं ‘अगदी बारीक दळलेलं पीठ’ होतं, कधी ‘केक फ्लोअर’ही. पण ही शून्यं दळणाबद्दल बोलतच नाहीत, ती राखेबद्दल बोलतात. पीठ पूर्ण जाळलं की क्षार मागे उरतात. गव्हातले क्षार मुख्यतः कोंड्यात असतात, तेव्हा राख जितकी कमी तितका कोंडा जास्त काढलेला. इटलीच्या कायद्यानं १०० ग्रॅम कोरड्या पिठामागे ०० मध्ये फार तर ०.५५ ग्रॅम राख चालते, ० मध्ये ०.६५. पुढे १ आणि २, आणि शेवटी ‘इंतेग्राले’, म्हणजे कोंड्यासकट. आपल्या आज्या गहू ओलवून दळायच्या आणि सपीट वस्त्रगाळ करून घ्यायच्या, त्यामागचं तत्त्व हेच. ०० च्या सगळ्यात जवळचा आपला मैदा.

त्याहून मोठी फसगत ‘ग्रानो तेनेरो’ करतं. शब्दशः मऊ गहू. इंग्रजीत ‘सॉफ्ट व्हीट’ वाचलं की वाटतं, हे केकचं कमी ताकदीचं पीठ. इटालियन माणूस मात्र एवढंच सांगत असतो, की हा नेहमीचा गहू आहे, ‘ग्रानो दुरो’ नव्हे. कॅनडातल्या प्रांताचं नाव मिळालेलं मानितोबा पीठही तेनेरोच, आणि ते इतकं चिवट, की लोणी-अंड्यांनी जड झालेला नाताळचा गोड पाव, पानेत्तोने, त्यावर फुगून उभा राहतो. तेनेरो आणि दुरो या गव्हाच्या प्रजातीच वेगळ्या. पहिल्यात ४२ गुणसूत्रं, दुसऱ्यात २८.

आणि दुरो म्हणजे कोण? आपला बन्सी! तोच कडक, पिवळसर, काचेसारखा दाणा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या वाणांच्या नावांत हा भेद सरळ वाचता येतो. एकेएडब्ल्यू ४६२७ हा साधा गहू. एकेडीडब्ल्यू २९९७-१६, म्हणजे ‘शरद’, हा ड्युरम, म्हणजेच दुरो. तिसरं अक्षर ए की डी, तेवढं बघायचं. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलीला हे चटकन कळतं.

‘सेमोला’ म्हणजे या दुरोचा रवा आणि ‘सेमोला रिमाचिनाता’ म्हणजे तोच पुन्हा दळलेला. इंग्रजीत दोन्हींचं ‘सेमोलिना’ होतं, इथं त्याचा ‘रवा’ होतो, आणि मुलगी दुकानातून उपम्याचा साधा रवा आणते. दक्षिण इटलीतल्या आल्तामुरा गावचा पाव, ज्याच्या नावाला २००३ मध्ये युरोपीय संघाचं संरक्षण मिळालं, तो रिमाचिनाताचाच असतो. आपल्याकडे बन्सी रवा मिक्सरमधून फिरवून मैद्याच्या चाळणीनं चाळला की काम होतं. पाणी मात्र एकदम ओतू नये. हे पीठ सावकाश पाणी पितं. आधी बोटांना किरकिरीत लागतं, अर्धा तास झाकून ठेवलं की लोण्यासारखं गुळगुळीत होतं. आमच्याकडे काडीवर सरगुंडे वळणाऱ्या बायकांच्या हाताला ही जाण आधीपासून आहे. इटलीत तर सुका पास्ता दुरोच्याच सेमोल्याचा हवा, असा १९६७ पासून कायदा आहे.

आता ‘लिएव्हितो’. “काकू, हे यीस्टच होय नं?” हा प्रश्न प्रत्येक तुकडीत येतो. शब्दाचा अर्थ फक्त फुगवणारा. ‘लिएव्हितो दि बिर्रा’ असेल तर यीस्ट. ताज्या यीस्टची वडी २५ ग्रॅमची, कोरड्याची पुडी ७ ग्रॅमची. ‘लिएव्हितो पेर दोल्ची’ असेल तर बेकिंग पावडर, बहुधा व्हॅनिलाच्या वासाची. पुडी १६ ग्रॅमची, अर्धा किलो पिठासाठी. कृतीत नुसतं ‘एक पुडी लिएव्हितो’ असेल तर पुढं वाचा. पीठ झाकून तासभर ठेवायचं असेल तर यीस्ट, मिश्रण लगेच ओव्हनमध्ये जात असेल तर पावडर. ‘अम्मोनियाका पेर दोल्ची’ दिसलं तर घाबरू नका. बिस्किटं करणारे बेकरीवाले ज्याला अमोनिया म्हणतात तेच ते. त्याचा वास भाजताना उडून जातो, पण पातळ बिस्किटातूनच. जाड केकमध्ये कोंडून राहतो, म्हणून तिथं घालू नये.

बाकीचं थोडक्यात. ‘झुक्केरो सेमोलातो’मध्ये रव्याचा कणही नाही, ती बारीक दाण्याची साखर. ‘बुर्रो’ म्हणजे बिनमिठाचं लोणी. आपलं नेहमीचं पिवळं बटर खारट असतं. फेटायची ‘पान्ना’ ३५ टक्के स्निग्धांशाची, आपलं साधं फ्रेश क्रीम २५ च्या आसपास, ते कितीही घोटलं तरी उभं राहत नाही. ‘फेकोला’ म्हणजे बटाट्याचं सत्त्व. आणि ‘कांदिती’च्या, म्हणजे पाकात मुरवलेल्या फळांच्या, जागी तुटी-फ्रुटी चालणार नाही, नाव इटालियन असलं तरी ती कच्च्या पपईची. मी वरुड-मोर्शीच्या संत्र्यांच्या साली उकळून, पाणी बदलून, कडवटपणा काढून पाकात मुरवते. आंबिया बहाराची संत्री नाताळाच्या आधीच बाजारात येतात, पानेत्तोनेच्या अगदी वेळेवर.

माझी भाची तोरिनोत राहते. तिला सांगितलं तेच बाहेरगावच्या सगळ्या लेकी-भाच्यांना सांगते: कृती पाठवताना भाषांतराच्या फंदात पडू नका, पुड्यांच्या आणि पिशव्यांच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा. गहू कोणता, पुडी किती ग्रॅमची, सायीत स्निग्धांश किती, हे सगळं तिथं छापलेलं असतं.