दोन शेजाऱ्यांमधले क्वेबेक

क्षेत्रफळाने क्वेबेक हा कॅनडातला सर्वांत मोठा प्रांत. महाराष्ट्राच्या पाचपट भरेल अशा, सुमारे १५ लाख ४० हजार चौरस किलोमीटरच्या या प्रदेशात ९० लाखांच्या आसपास माणसे राहतात, आणि त्यांतली बहुतेक सेंट लॉरेन्स नदीच्या काठाने. चारांतल्या तिघांहून अधिक लोकांच्या घरची भाषा फ्रेंच. प्रांतात बहुसंख्य असलेला हा समाज वेशीबाहेर पाऊल टाकताच मूठभर होतो. कॅनडा आणि अमेरिका मिळून सुमारे ३८ कोटी लोकसंख्या. तीत क्वेबेकच्या फ्रेंच भाषकांचा वाटा शंभरात दोन. कॅनडापासून वेगळी चूल मांडावी का, हा प्रश्न या प्रांताने १९८० आणि १९९५ साली सार्वमताने जनतेपुढे ठेवला. दोन्ही वेळा उत्तर 'नाही' आले, तरी प्रश्न मिटला नाही. दुरून पाहणाऱ्याला हे क्वेबेक आणि इंग्रजी कॅनडा यांच्यातले भांडण वाटते. मॉन्ट्रियलपासून मोटारीने तासाभरावर असलेली अमेरिका त्या चित्रातून सुटते. वास्तविक क्वेबेकने आपले हिताहित नेहमीच दोन्ही शेजाऱ्यांकडे पाहून जोखले आहे. अमेरिकेचा आवाज चढला की तराजू हलला. मात्र दर वेळी तो एकाच बाजूला झुकला असे नाही.

१५३४ मध्ये जाक कार्तिएने गास्पेच्या किनाऱ्यावर क्रूस रोवून ही भूमी फ्रान्सच्या राजाची असल्याचे जाहीर केले. १६०८ मध्ये साम्युएल द शांप्लेनने क्वेबेक शहर वसवले आणि १६४२ मध्ये आजच्या मॉन्ट्रियलची वस्ती उभी राहिली. शेती, चर्च आणि बीव्हरच्या कातड्यांचा व्यापार यांवर हा 'नवा फ्रान्स' दीडशे वर्षे चालला. १३ सप्टेंबर १७५९ रोजी क्वेबेक शहराच्या तटाबाहेर, एब्राहमच्या माळावर, इंग्रज आणि फ्रेंच फौजांची लढाई झाली. इंग्रज सेनापती वुल्फ आणि फ्रेंच सेनापती मोंकाम हे दोघेही तीत कामी आले. १७६३ च्या पॅरिस तहाने फ्रान्सने या वसाहतीवरचा हक्क सोडला. अधिकारी आणि बडे व्यापारी बरेचसे मायदेशी परतले. साठ-सत्तर हजार शेतकरी आणि त्यांचे पाद्री मागे राहिले. आजच्या क्वेबेकी माणसाचे पूर्वज प्रामुख्याने हेच. प्रांताच्या मोटारींच्या नंबरपाटीवर १९७८ पासून 'मला आठवते' या अर्थाचे फ्रेंच ब्रीद लिहिलेले असते. त्या आठवणीची सुरुवात इथे आहे.

जिंकलेल्या या लोकांना इंग्रजांनी फार काळ दडपले नाही, याचे कारण दक्षिणेत होते. तिथल्या तेरा इंग्रजी वसाहती बंडाच्या पवित्र्यात होत्या, आणि उत्तरेचे फ्रेंच त्यांना जाऊन मिळाले असते तर सारेच हातचे गेले असते. १७७४ च्या क्वेबेक कायद्याने कॅथलिक धर्माला मोकळीक मिळाली आणि फ्रेंच दिवाणी कायदा कायम झाला. दिवाणी व्यवहारात क्वेबेकची कायदापद्धती आजही उरलेल्या कॅनडाहून निराळी आहे. पुढच्याच वर्षी अमेरिकी बंडखोरांनी मॉन्ट्रियल घेतले. ३१ डिसेंबर १७७५ रोजी क्वेबेक शहरावरचा त्यांचा हल्ला मात्र फसला आणि त्यांचा सेनापती माँटगोमेरी मारला गेला. १७७६ मध्ये सत्तरीला टेकलेले बेंजामिन फ्रँकलिन स्वतः मॉन्ट्रियलला आले, पण फ्रेंच रयतेचे मन वळवण्यात त्यांना यश आले नाही. त्यांच्या प्रयत्नाशी जोडलेला फ्लरी मेस्प्ले हा फ्रेंच मुद्रक मात्र तिथेच राहिला, आणि १७७८ मध्ये त्याने मॉन्ट्रियलचे पहिले वृत्तपत्र काढले.

१८३७-३८ मध्ये लुई-जोसेफ पापिनो यांच्या नेतृत्वाखालच्या देशभक्त पक्षाचे बंड ब्रिटिशांनी मोडून काढले. चौकशीला आलेल्या लॉर्ड डरहॅमने १८३९ च्या अहवालात या लोकांना इतिहास आणि साहित्य नसल्याचे सांगून इंग्रजीत विरघळवणे हाच उपाय सुचवला. त्या शेऱ्याने केलेली जखम पुढच्या कित्येक पिढ्यांच्या लेखकांनी जपली. दहा वर्षांनी एक विलक्षण प्रकार घडला. मॉन्ट्रियलच्या इंग्रज व्यापाऱ्यांना ब्रिटनने दिलेल्या व्यापारी सवलती बंद झाल्या आणि १८४९ मध्ये अमेरिकेत विलीन व्हावे असा जाहीरनामा त्यांनीच काढला. पापिनोही विलीनीकरणाच्या बाजूचे होते. कॅथलिक चर्चने आणि बहुतेक फ्रेंच पुढाऱ्यांनी त्याला विरोध केला. ब्रिटिश राजमुकुटाखाली आपली भाषा आणि धर्म अमेरिकेतल्यापेक्षा सुरक्षित राहतील असा त्यांचा हिशेब होता. अमेरिकी यादवी युद्धानंतर १८६७ मध्ये कॅनडाचे संघराज्य झाले, तेव्हा फ्रेंच पुढारी जॉर्ज-एतियेन कार्तिए यांनी क्वेबेकला याच हिशेबाने त्यात नेले.

हा हिशेब खरा होता याचा पुरावा पुढच्या काळात क्वेबेकच्याच लेकरांनी पुरवला. १८४० ते १९३० या काळात सुमारे ९ लाख फ्रेंच कॅनेडियन पोटासाठी अमेरिकेत, मुख्यतः न्यू इंग्लंड भागात, गेले. लोवेल, मँचेस्टर अशा गावांतल्या कापडगिरण्यांत त्यांची कुटुंबेच्या कुटुंबे खपली. त्यांनी चर्च, शाळा आणि वर्तमानपत्रे काढली, मोहल्ले वसवले, आणि दोन-तीन पिढ्यांत भाषा गेली. १९२२ मध्ये लोवेलला जन्मलेले कादंबरीकार जॅक केरुअॅक यांची बोली फ्रेंच होती, इंग्रजी ते शाळेत शिकले, आणि नाव झाले ते अमेरिकी इंग्रजी लेखक म्हणून. १८०३ मध्ये अमेरिकेला विकल्या गेलेल्या लुइझियानात तर १९२१ च्या राज्यघटनेने शाळांतून फ्रेंचला हद्दपार केले. क्वेबेकात 'लुइझियाना होणे' हा शब्दप्रयोग आजही चालतो, आणि तो उच्चारणाऱ्याला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

संघराज्यातही वाट सरळ नव्हती. मॅनिटोबाने १८९० मध्ये फ्रेंचचा अधिकृत दर्जा काढला, ओंटारिओने १९१२ मध्ये फ्रेंच शिक्षणावर बंधने घातली, आणि दोन्ही महायुद्धांत सक्तीच्या सैन्यभरतीने क्वेबेक दुखावले. म्हणून समाज गावात, शेतीत आणि चर्चच्या सावलीत आखडून राहिला. घरोघरी दहा-बारा मुले असत. संख्येच्या बळावर घेतलेल्या या सुडाला 'पाळण्यांचा सूड' असे नावही पडले. शहरात मात्र पैसा इंग्रजी बोलत होता. १९६१ च्या आकड्यांवरून केंद्र सरकारच्या आयोगाला दिसले की क्वेबेकात फ्रेंच वंशाच्या पुरुषाची सरासरी कमाई ब्रिटिश वंशाच्या पुरुषाच्या सुमारे दोन तृतीयांश होती. स्वतःच्या घरात, बहुसंख्य असून, मालकाच्या भाषेत काम मागावे लागणे हा रोजचा अपमान होता. स्वातंत्र्याच्या मागणीचे मूळ घटनेच्या कलमांपेक्षा त्या अपमानात शोधले पाहिजे.

१९६० मध्ये जाँ लसाज यांचे लिबरल सरकार आले आणि 'शांत क्रांती' म्हणून ओळखला जाणारा काळ सुरू झाला. शाळा आणि इस्पितळे चर्चच्या हातून सरकारकडे आली, आणि १९६४ मध्ये शिक्षण खाते उभे राहिले. 'आपल्या घरचे आपण मालक' ही १९६२ च्या निवडणुकीची घोषणा होती आणि तिचा पहिला अर्थ वीज हा होता. खासगी वीजकंपन्या विकत घेऊन हायड्रो-क्वेबेक हा प्रांताचा बलाढ्य वीज उद्योग घडवणारे मंत्री होते रेने लेव्हेक. माजी पत्रकार असलेले लेव्हेक दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याबरोबर वार्ताहर म्हणून हिंडले होते आणि अमेरिकेबद्दल त्यांना मनापासून आपुलकी होती. २४ जुलै १९६७ रोजी फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी मॉन्ट्रियलच्या नगरभवनाच्या सज्जातून स्वतंत्र क्वेबेकचा जयघोष केला आणि जगाचे लक्ष इकडे वळले. १९६८ मध्ये लेव्हेक यांनी पार्टी क्वेबेक्वा स्थापन केली. याच सुमारास हिंसेचा मार्ग धरलेल्या एका गटाने ऑक्टोबर १९७० मध्ये ब्रिटिश अधिकारी जेम्स क्रॉस आणि प्रांताचे मंत्री पिएर लापोर्त यांना पळवले. पंतप्रधान पिएर त्रुदो यांनी युद्धकालीन कायदा लागू करून शेकडो लोकांना पकडले. लापोर्त यांचा खून झाला. त्या हत्येनंतर सशस्त्र मार्गाची सहानुभूती आटली आणि चळवळ मतपेटीकडे वळली.

१५ नोव्हेंबर १९७६ रोजी पार्टी क्वेबेक्वा ११० पैकी ७१ जागा जिंकून सत्तेवर आली. सुमारे दोन महिन्यांनी लेव्हेक न्यूयॉर्कच्या इकॉनॉमिक क्लबपुढे बोलायला गेले आणि त्यांनी क्वेबेकच्या आकांक्षेची तुलना अमेरिकेच्या स्वातंत्र्याशी केली. यादवी युद्धाची स्मृती असलेल्या श्रोत्यांना त्यात १७७६ ऐवजी १८६१ दिसले. फुटून निघणारा प्रांत त्यांच्या लेखी बंडखोर होता. सभागृह थंड राहिले. वॉशिंग्टनचे धोरण पुढेही तेच राहिले: निर्णय कॅनडावासीयांचा, पसंती अखंड कॅनडाला.

या सरकारचे सर्वांत टिकाऊ काम म्हणजे १९७७ ची फ्रेंच भाषेची सनद, लोकांच्या तोंडी 'कायदा १०१'. मंत्री कामिय लोरँ यांनी तो घडवला. सरकार, कारखाना, दुकान आणि पाटी यांची भाषा फ्रेंच झाली, आणि बाहेरून आलेल्या कुटुंबांच्या मुलांना फ्रेंच शाळेत जाणे बंधनकारक ठरले. त्यापूर्वी स्थलांतरितांची मुले बहुतांशी इंग्रजी शाळा धरत. आज मॉन्ट्रियलच्या वर्गांत व्हिएतनामी, हैतीयन आणि लेबनीज घरांतली मुले आपापसात फ्रेंच बोलतात. किंमतही मोजावी लागली. लाखाहून अधिक इंग्रजी भाषक प्रांत सोडून गेले, मोठ्या कंपन्यांची मुख्य कार्यालये टोरांटोला हलली. पॅरिसमधल्या चौकातही थांबण्याची पाटी 'स्टॉप' म्हणते; क्वेबेकात ती 'आरे' म्हणते. केएफसी इथे पीएफके आहे. ईमेलसाठी इथे रुळलेला 'कुरिएल' शब्द पुढे फ्रान्सनेही अधिकृत म्हणून स्वीकारला. यात हट्ट आहे, आणि शंभरात दोन असलेल्या भाषेला तो शोभतो.

२० मे १९८० च्या सार्वमतात स्वतंत्र होण्याऐवजी 'सार्वभौमत्व आणि कॅनडाशी आर्थिक सहयोग' यासाठी वाटाघाटींचा अधिकार मागितला होता. ५९.५६ टक्के लोकांनी तो नाकारला. १९८२ मध्ये कॅनडाने राज्यघटना ब्रिटनकडून स्वतःकडे आणली ती क्वेबेकच्या संमतीवाचून. क्वेबेकला 'वेगळा समाज' म्हणून मान्यता देणारा मीच लेकचा करार जून १९९० मध्ये फसला. मॅनिटोबाच्या विधानसभेत गरुडाचे पीस हाती धरून त्याला अडवणारे एलायजा हार्पर आदिवासी होते, आणि दोन 'संस्थापक' समाजांच्या या वाटाघाटीत मूळ रहिवाशांना कोणी विचारले नाही हा त्यांचा आक्षेप होता. याच हेतूने पुढे आणलेला १९९२ चा शार्लटटाउन करार मतदारांनीच फेटाळला.

याच काळात अमेरिकेशी मुक्त व्यापाराचा करार झाला. १९८८ ची निवडणूक त्याच मुद्द्यावर लढली गेली. इंग्रजी कॅनडातल्या अनेकांना अमेरिकी संस्कृतीत बुडण्याची भीती वाटत होती. क्वेबेकचे राष्ट्रवादी मात्र, जाक पारिझो यांच्यासह, कराराचे खंदे समर्थक होते. भाषेचा तट आपल्याभोवती आहे असा त्यांना विश्वास होता, आणि बाजारपेठ दक्षिणेला असेल तर ओटावातल्या केंद्र सरकारच्या धमक्यांतली हवा जाते हे पारिझो यांच्यातला अर्थतज्ज्ञ ओळखून होता. इथे तराजू प्रथमच स्वातंत्र्याच्या बाजूला झुकला.

३० ऑक्टोबर १९९५ चे दुसरे सार्वमत कॅनडाच्या इतिहासातले सर्वांत श्वास रोखणारे ठरले. पारिझो मुख्यमंत्री होते, पण लोक ओढले ते केंद्रीय संसदेतल्या ब्लॉक क्वेबेक्वा या स्वातंत्र्यवादी पक्षाचे नेते लुसियँ बुशार यांनी. मतदान झाले ९३.५२ टक्के. 'होय' ४९.४२, 'नाही' ५०.५८, अंतर ५४,२८८ मतांचे, आणि बाद ठरलेल्या मतपत्रिका त्याहून जास्त. त्या रात्री पारिझो यांनी पराभवाचा दोष 'पैसा आणि वांशिक मते' यांवर टाकला. त्या एका वाक्याने, फ्रेंच शाळांतून तयार होत असलेल्या नव्या नागरिकांच्या मनात चळवळीविषयी जी अढी बसली, ती पुढे वर्षानुवर्षे सुटली नाही.

सार्वमताच्या सहा दिवस आधी उत्तरेच्या क्री या आदिवासी लोकांनी स्वतःचे मतदान घेतले होते. ९६ टक्क्यांहून अधिक जणांनी कॅनडातच राहण्याचा कौल दिला. त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता: कॅनडा विभागता येतो, तर क्वेबेकही येतो. ज्या धरणांवर 'घरचे मालक' होण्याचा अभिमान उभा राहिला, ती जेम्स बेची धरणे क्रींच्या शिकारीच्या भूमीवर आहेत. क्री आणि इनुइट लोकांशी झालेल्या १९७५ च्या करारानंतरही नव्या ग्रेट व्हेल जलविद्युत प्रकल्पाचे संकट आले, तेव्हा १९९० मध्ये क्री आणि इनुइट लोक होडी वल्हवत न्यूयॉर्कपर्यंत गेले. न्यूयॉर्क राज्याने १९९२ मध्ये वीजखरेदीचा करार रद्द केला आणि १९९४ मध्ये पारिझो यांना प्रकल्प गुंडाळावा लागला. अमेरिकी ग्राहकाच्या दारात जाऊन एका छोट्या समाजाने क्वेबेकला नमवले.

१९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की क्वेबेकला एकतर्फी फुटून निघता येणार नाही, मात्र स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत मिळाले तर कॅनडाला वाटाघाटींना बसावेच लागेल. जगभरच्या अशा वादांत हा निकाल आजही आधाराला घेतला जातो. 'स्पष्ट' म्हणजे किती, हे न्यायालयाने राजकारणावर सोडले. २००० च्या केंद्रीय कायद्याने ते ठरवण्याचा अधिकार कॅनडाच्या संसदेकडे घेतला, आणि क्वेबेकने लगेच स्वतःचा कायदा करून तो नाकारला. पुढची दोन दशके चळवळ ओसरत गेली. २०२२ च्या प्रांतिक निवडणुकीत पार्टी क्वेबेक्वाच्या हाती फक्त तीन जागा उरल्या.

मग चाक पुन्हा फिरले. पोल सें-पिएर प्लामोंदों या तरुण वकील नेत्याने २०३० पूर्वी तिसरे सार्वमत घेण्याचे वचन दिले. २०२३ च्या अखेरीपासून त्यांचा पक्ष जनमत चाचण्यांत पुढे आला आणि जाँ-तालों, तेरबोन, अर्थाबास्का या पोटनिवडणुका त्याने जिंकल्या. नेमक्या याच वेळी, २०२५ मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प कॅनडाला '५१ वे राज्य' म्हणू लागले आणि त्यांनी अॅल्युमिनियमवर आधी २५, मग ५० टक्के कर बसवला. कॅनडातले अॅल्युमिनियमचे जवळपास सगळे कारखाने स्वस्त जलविजेच्या जोरावर क्वेबेकातच आहेत. एप्रिलच्या केंद्रीय निवडणुकीत क्वेबेकच्या मतदारांनी ब्लॉक क्वेबेक्वाला ३२ वरून २२ जागांवर आणले आणि मार्क कार्नी यांच्या लिबरल पक्षाला हात दिला. १७७५ आणि १८६७ चा जुना हिशेब पुन्हा मांडला गेला: समोर अमेरिका आणि पाठीशी कॅनडा. प्रांतात मात्र स्वातंत्र्यवादी पक्षच चाचण्यांत आघाडीवर राहिला, जरी स्वातंत्र्याचा पाठिंबा साधारण ३५ ते ४० टक्क्यांच्या पट्ट्यातच अडकून होता.

सार्वमत झालेच तर त्यापुढची यादी लांब आहे. कमी उत्पन्नाच्या प्रांतांसाठीच्या समानीकरण निधीपोटी केंद्राकडून वर्षाला १३ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम येते, ती थांबेल. कॅनडाच्या राष्ट्रीय कर्जाचा वाटा, चलन आणि उत्तरेच्या भूमीवरचा क्री व इनुइट लोकांचा हक्क हे सारे ठरवावे लागेल. आणि क्वेबेकचा परदेशी जाणारा माल बहुतांशी जिथे खपतो, त्या अमेरिकेशी व्यापाराचा करार नव्याने, या वेळी एकट्याने बसून, करावा लागेल.