हसू आणि हसे

स्वतःवर हसणारा मनुष्य मोठ्या मनाचा, असे आपण सहज म्हणून जातो. ऑस्ट्रेलियातील विनोदकार हॅना गॅड्सबी यांची कारकीर्द या समजुतीची झडती घेणारी आहे.

स्त्री वा पुरुष या दोन्ही चौकटींत न बसणाऱ्या या कलावंताचे बालपण टास्मानियात गेले. तेथे पुरुषांमधील समलिंगी संबंध १९९७ पर्यंत गुन्हा होता. २००६ साली नवोदितांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकल्यावर व्यासपीठावर एकट्याने उभे राहून स्वतःची थट्टा करणे, हाच व्यवसाय झाला.

२०१७ च्या ‘नॅनेट’ या प्रयोगात गॅड्सबी प्रथम एक किस्सा सांगतात: बसथांब्यावर पुरुष समजून अंगावर आलेला तरुण चूक कळताच ओशाळून निघून जातो. सभागृह हसते. पुढे गाळलेला शेवट येतो: तो तरुण परतला होता आणि त्याने मारहाण केली होती. या लेखनास २०१९ साली एमी पारितोषिक मिळाले.

उपेक्षिताने स्वतःची थट्टा करणे ही विनम्रता नव्हे, मानहानी होय, असे गॅड्सबी यांचे म्हणणे. बोलण्याच्या परवानगीसाठी तो जणू दंडच भरीत असतो. अशा वेळी हसू कोणते आणि हसे कोणाचे, एवढा विवेक श्रोत्यांनी राखावा, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.